मुकी गाडी

"मामा, ब्रेक पॅड स्वस्त असतात. गिअरबॉक्स नाही."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वेरूळहून परत येत होतो. घृष्णेश्वराचं दर्शन झालं, लेणी पाहून झाली, कन्नडला चहा झाला आणि तेलवाडीपाशी पोचलो तेव्हा उन्हं पार कलली होती. गाडी भाच्याची, नवी, पेट्रोलवरची, ऑटोमॅटिक. ताई मागच्या सीटवर मांडी घालून बसली होती, कारण पायाशी सीताफळांची पाटी होती आणि डोळे पडलेली फळं चेंगरतील ही तिला काळजी. भाचा गाडी चांगली चालवतो. उगाच हॉर्न वाजवत नाही, वळणावर ओव्हरटेक करत नाही. पण घाट सुरू झाला तसा त्याचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथून हललाच नाही. गाडी डी मध्ये, इंजिनाचा आवाज जवळजवळ नाहीच, नुसता टायरचा सूं सूं आवाज आणि ताईच्या बांगड्या. चौथ्या की पाचव्या वळणानंतर मला तो वास आला. राळ जळल्यासारखा, किंचित आंबट, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. ज्यांनी तो एकदा घेतलाय त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. मी म्हटलं, "एल मध्ये टाक रे, गिअर धरू दे जरा." एल म्हणजे खालचा गिअर. त्यावर तो सगळ्यात वरचं वाक्य बोलला. उद्धटपणे अजिबात नाही. समजुतीच्या सुरात बोलला, घरातल्या मोठ्या माणसाला नव्या मोबाइलमधलं काही दाखवावं तसं. ताई मागून म्हणाली, "घाट लागला की तुझ्या मामाला जिभाऊ आठवतात." मी गप्प बसलो. खाली चाळीसगावचे दिवे लागत होते.

घरी आल्यावर फराळ झाला, गप्पा झाल्या. मला मात्र तो वास कपड्यांना लागल्यासारखा रात्रभर येत राहिला.

खरं तर मला त्याचा हिशेब टोचत होता, कारण तो चुकीचा नव्हता. ब्रेक पॅड तासाभरात बदलून मिळतात, खर्च काही हजारांचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर आकडा लाखाच्या घरात जातो. मग स्वस्त वस्तू वाचवायला महाग वस्तू का झिजवायची? तीस वर्षं मी हायस्कूलला विज्ञान शिकवलं. घर्षण, स्थितिज ऊर्जा, गतिज ऊर्जा, सगळं फळ्यावर हजारदा लिहिलं. तरी त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. माझ्याकडे जे होतं ते गणित नव्हतंच. तो एक आवाज होता, १९८८ च्या उन्हाळ्यातला.

बारावीची परीक्षा देऊन मी रिकामा होतो आणि जिभाऊंचा किन्नर, म्हणजे ट्रकवरचा क्लीनर, लग्नाला म्हणून गावी गेला तो परतलाच नाही. जिभाऊ म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. दुसऱ्याच्या मालकीची टाटा १२१० चालवायचे. घरात म्हणाले, पोराला पाठवा महिना-दीड महिना, जग पाहील. रावेर-सावद्याची केळी, रुईच्या गाठी, कांदा, जो भरेल तो माल. किन्नराची कामं तीन: काच पुसायची, रात्री ड्रायव्हरला झोपू द्यायचं नाही आणि गाडी चढावर थांबली की उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा. ठोकळा बाभळीचा होता, तेलकट, हाताळून गुळगुळीत झालेला. मी तो पायाशी घेऊन बसायचो.

जालन्याहून तुरीची पोती भरून धुळ्याकडे निघालो की कन्नडचा घाट बहुतेक रात्रीच यायचा. तेलवाडीला जिभाऊ गाडी थांबवायचे. नट हातोडीने ठोकून पाहायचे, टायरवर लाथ मारायचे, अर्धी विडी ओढून विझवायचे आणि घाट सुरू व्हायच्या आधीच, सपाटीवर असतानाच, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचे. ती थेट खाली बोढऱ्याच्या बाजूला लागेपर्यंत दुसऱ्यातच. "ज्या गेरवर चढानं, त्याच गेरवर उतरानं," एवढं एकच सूत्र. क्लच दोनदा दाबायचे, मधे न्यूट्रलला एक रेस, मग दांडा आत. तो दांडा आत जाताना खटका असा लागायचा की खिळा ओल्या लाकडात बसावा. आणि मग सुरू व्हायचा तो आवाज. घुंऽऽ करून एकसुरी, खोल, सगळी केबिन थरथरवणारा. पायाखालचा पत्रा गरम व्हायचा, आरशातला चंद्र हलून दोन दिसायचा. पहिल्या रात्री मला वाटलं की इंजिनाला त्रास होतोय, आता काहीतरी फुटणार. मी म्हटलं, "जिभाऊ, इंजिन रडी ऱ्हायनं." त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "रडत नही ते. धरी ऱ्हायनं."

धरी ऱ्हायनं. धरून ठेवतंय.

पुढे बी.एस्सी. करताना, मग शिकवताना, या 'धरण्या'चा अर्थ मला तुकड्यातुकड्याने कळत गेला. पेट्रोलच्या गाडीत आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवा आत येण्याची वाट जवळजवळ बंद होते. चाकं मात्र फिरतच असतात आणि गाडी गिअरमध्ये असल्यामुळे ती इंजिनालाही फिरवतात. पिस्टन खाली ओढला जातो, पण आत हवा नाही, म्हणून प्रत्येक वेळी त्याला पोकळीविरुद्ध ओढत न्यावं लागतं. तोंड बोटाने बंद करून पिचकारीचा दांडा मागे ओढून पाहा, तोच जोर. डिझेलला हवेची वाट अशी बंद होत नाही, म्हणून तिथे हे धरणं थोडं कमी, घर्षण आणि दाब यांवर जास्त. मोठ्या ट्रकांना म्हणूनच एक्झॉस्ट ब्रेक देतात. धूर बाहेर पडायच्या नळीतच झडप, ती मिटली की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि गाडी मंदावते. एकूण काय, इंजिन तेव्हा काम करत नसतं, चाकं त्याच्याकडून काम करवून घेत असतात. आणि ते काम होऊन जी उष्णता निघते ती पाण्यातून, रेडिएटरमधून, धुराच्या नळीतून बाहेर जाते. उष्णता बाहेर टाकण्यासाठीच तर त्या सगळ्या वस्तू बनवल्या आहेत.

ब्रेकचं तसं नाही. मी वर्गात एक उदाहरण द्यायचो, ते इथेही देतो. बाराशे किलोची गाडी तीनशे मीटर खाली उतरली, तर तिच्याजवळची जी ऊर्जा संपायला हवी ती साधारण ३५ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत अंघोळीच्या बंबातलं अकरा लिटर थंड पाणी उकळतं. हवेचा आणि रस्त्याचा विरोध त्यातला काही वाटा घेतो, पण घाटातल्या मंद वेगाला तो वाटा फार नाही. म्हणजे पाय ब्रेकवर ठेवून उतरणारा माणूस चार चाकांमधल्या तळहाताएवढ्या पॅडवर एक अख्खा बंब तापवत असतो. २५ टनांच्या ट्रकला हाच हिशेब लावला तर दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम काठोकाठ उकळून वर उरतं. पोरं हसायची. मला हसू यायचं नाही.

तापलेल्या ब्रेकचं वाईट हे की तो सांगून जात नाही. आधी पॅडमधली राळ जळून वायू सुटतो आणि पॅड-डिस्कच्या मधे तो थर बसतो. पाय तेवढाच दाबला तरी पकड कमी. ड्रमवाल्या गाड्यांत ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो. मग ब्रेक ऑइल. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरल्यावर ती मर्यादा १५५ अंशांवर येते. दोन-तीन पावसाळे ऑइल बदललं नाही, तर पेडल एका वळणाला टणक असतं आणि पुढच्या वळणाला जमिनीपर्यंत जातं, कारण नळीत आता द्रवाऐवजी वाफ आहे आणि वाफ दाबली जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर असतो. आपला ब्रेक घाट सुरू व्हायच्या आधीच थोडा तापलेला असतो हे लक्षात घ्यायला हवं.

त्या उन्हाळ्यातली एक रात्र मी कुणाला फारशी सांगितलेली नाही. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये घुंऽऽ करत उतरत होतो आणि मागून एक ट्रक आला. आला म्हणजे, दिसला नाही, ऐकूही आला नाही. एकदम उजव्या बाजूला त्याची काळी भिंत सरकली, लाकूड कुरकुरल्यासारखा बॉडीचा आवाज, दोऱ्यांची फडफड, आणि गेला. इंजिनाचा आवाजच नव्हता. इतका मोठा भरलेला ट्रक आणि मुका. जिभाऊंनी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. ते घाबरलेले मी पहिल्यांदा पाहिले. दोन वळणं खाली तो डोंगराच्या अंगाला घासून तिरपा थांबला होता. ड्रायव्हरने दरीऐवजी डोंगर निवडला होता, शेवटच्या क्षणी सुचलं असेल. जिवंत होता, पाय अडकला होता. पहाटेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मला मात्र त्या ट्रकापेक्षा त्याचा किन्नर आठवतो. माझ्याच वयाचा. त्याने मधेच उडी मारली होती आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. मांडीवर लाकडी ठोकळा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. कुणी काढून घ्यायला गेलं तरी सोडत नव्हता.

ट्रक मुका का होता हे जिभाऊंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मालक फेरीचं डिझेल मोजून द्यायचा. वाचलेलं डिझेल ड्रायव्हरचं. उतार लागला की न्यूट्रल, त्याहून धाडस असेल तर इंजिनच बंद. पाच-सात किलोमीटरचं डिझेल खिशात. सुरुवातीला ब्रेक पुरतात, म्हणून बरं वाटतं. वेग वाढल्यावर परत गिअर टाकायला जावं, तर तो पडत नाही, दात दातांवर खडखडतात. आजच्या ट्रकांत तर इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद. टाकीतली हवा दर दाबाला कमी होत जाते आणि भरून मात्र येत नाही. २०२३ च्या जुलैत आपल्याच धुळे जिल्ह्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला मालट्रक रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, माणसं गेली. त्या दिवशी मोबाइलवर बातमी आली, तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता दगडावरचा तो पोरगा पाहत होतो.

त्याच्या पुढच्याच महिन्यात कोर्टाच्या आदेशाने कन्नड घाटात जड वाहनांना बंदी झाली. आता घाट बराच शांत असतो.

इथे मला बैल आठवतात. आमचं शेत टेकाडावर होतं आणि कपाशीची गाडी भरून खाली आणायची, तर उतारावर आबा बैलांच्या पुढे चालायचे, मागे नाही. चढावर गाडी बैलांच्या वशिंडावर येते. जू मागे रेटलं जातं आणि बैल खांद्याने ओढतो. उतारावर सगळं उलटं. गाडी बैलाला ढकलते, जू मानेवरून पुढे सरकून शिंगांच्या मुळाशी टेकतं आणि बैल डोकं वर करून, खूर रोवून, मागे रेलून गाडी धरतो. तोच बैल, तेच जू, पण जोर दुसऱ्या बाजूने. आबांचा ढवळ्या यात वाकबगार होता. त्याला उतार कळायचा. पवळ्या तरणा होता, ओढायला जबर, पण उतारावर गोंधळून धावायला बघायचा. आबा म्हणायचे, ओढणारा बैल बाजारात कुठेही मिळतो, धरणारा मिळत नाही. ढवळ्याची शिंगांमागची कातडी थोडी निबर झाली होती, आई तिथे हळद-तेल लावायची. धरण्याने काहीच झिजत नाही असं मी म्हणणार नाही. ढवळ्याच्या मानेला हात लावलेला माणूस तसं म्हणूच शकत नाही.

दिवाळी संपून भाचा पुण्याला गेला. मग एका दुपारी मी मालेगाव रस्त्यावरच्या मिस्तरीकडे गेलो. माझाच विद्यार्थी, नववीत दोनदा बसला होता, पण हात सोन्याचे. त्याने एका जीपचा गिअरबॉक्स खोलून गोणपाटावर मांडला होता. डिझेलने धुतलेले गिअर ओळीने, आंघोळ घालून उन्हात बसवलेल्या पोरांसारखे. मी त्याला भाच्याचं वाक्य सांगितलं. तो काही बोलला नाही. एक गिअर उचलून माझ्या तळहातावर ठेवला. जड, गार. म्हणाला, "सर, एका दाताच्या दोन्ही बाजूंना नख फिरवा." फिरवलं. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत. माझं नख घसरलं. दुसऱ्या बाजूला अजून कारखान्यातल्या घडाईच्या बारीक रेघा होत्या, नखाला खरखर लागली. "ह्या गुळगुळीत बाजूनं गाडी ओढते. ह्या दुसऱ्या बाजूनं धरते. गाडी दीड लाख किलोमीटर चालली, आणि धरायची बाजू पाहा, नवीच्या नवी." मला पुन्हा जू आठवलं, वशिंडाची बाजू आणि शिंगांची बाजू.

मग त्याने पलीकडून एक क्लच प्लेट आणली. काळी पडलेली, मधे निळे डाग, रिवेट वर आलेले. एका पिकअपवाल्या तरुणाची. हा पोरगा चौथ्यातून सरळ दुसऱ्यात टाकतो, तेही वेगात असताना, आणि क्लच एकदम सोडतो. त्या वेळी इंजिन हळू फिरत असतं आणि चाकं त्याला एकदम जोरात फिरवायला बघतात. तो सगळा फरक क्लचला घासून भरून काढावा लागतो. पितळेची एक कडी दाखवली, सिंक्रोची, तिचे दात खाल्ले गेलेले. दोन वेगळ्या वेगांचं जुळवून आणण्याचं काम तिचं. "हे धरल्यानं नाही गेलं सर. धरायला लावताना झटका दिला म्हणून गेलं." त्याने आणखी एक सांगितलं, जे माझ्या लक्षात आलं नव्हतं. रेस जास्त झाली तर नव्या गाड्या पेट्रोल तोडून इंजिन वाचवतात. पण उतारावर भलताच खालचा गिअर टाकला तर इंजिनाला फिरवतंय कोण? चाकं. तिथे पेट्रोल तोडून उपयोग काय? इंजिन जेवढं फिरवलं जाईल तेवढं फिरणार, मग व्हॉल्व्ह वाकोत की आणखी काही होवो.

म्हणजे भाच्याच्या वाक्यात अर्धं खरं होतं आणि ते मी मानायला हवं होतं. जिभाऊंचा दोनदा दाबलेला क्लच, मधली ती एक रेस, आणि घाटाच्या आधी सपाटीवर टाकलेला गिअर, हे सगळं त्या झटक्याला टाळण्यासाठी होतं. मी मात्र त्याला घाटाच्या मधोमध, वेगात असताना, 'एल मध्ये टाक' म्हणालो होतो. सूत्र बरोबर, सांगायची जागा चुकली. आणि शहरातल्या सिग्नलवर थांबायला गिअर पाडत बसायची काही गरज नाही, तिथे ब्रेक वापरावा, तो त्यासाठीच आहे. पावसात निसरड्या वळणावरही एकदम गिअर पाडू नये, कारण इंजिन ज्या दोन चाकांना फिरवतं फक्त त्यांनाच धरतं आणि ती दोनच घसरू शकतात. मागच्याला आपला लाल दिवा दिसत नाही हेही आहे, मधूनमधून ब्रेकला पाय टेकवून त्याला कळवावं लागतं. या गोष्टी जिभाऊंनी शब्दांत सांगितल्या नव्हत्या. मी त्या पाहिल्या होत्या आणि पाहिलेलं आपल्याला समजलंय असं मानून बसलो होतो.

एक गोष्ट मात्र भाच्याला नक्की आवडेल अशी होती, ती मी त्याला फोनवर सांगितली. इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असेल, तर पेट्रोल पूर्ण बंद होतं. इंजिनाला चाकंच फिरवतात, त्याला पेट्रोल लागतच नाही. साधारण हजार-दीड हजार फेऱ्यांच्या खाली आलं की पुन्हा थेंब सुरू होतात. उलट न्यूट्रल केलं, तर इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल प्यावंच लागतं. म्हणजे त्या मुक्या ट्रकवाल्याची युक्ती आजच्या गाडीत पैशाच्या हिशेबानेही खोटी आहे. भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, माझ्या ऑफिसातल्या एकाची इलेक्ट्रिक गाडी आहे. ती उतारावर बॅटरी भरते." मी म्हटलं, तेच, फक्त तिथे बंब न तापता डबा भरतो. पण घरून शंभर टक्के भरून घाटाच्या माथ्यावर गेलास तर भरायला जागाच नसते, आणि धरणं कमी होतं. त्यावर तो हसला. वाद असा संपला नाही, पण त्याने गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचायचं कबूल केलं.

जिभाऊ आता सत्तरीला आले. गुडघे गेलेत, कानाला मात्र अजून लख्ख ऐकू येतं. हिवाळ्यात ओट्यावर ऊन खात बसले असताना मी त्यांना त्या रात्रीबद्दल विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. बराच वेळ ते अंगठ्याने काठीची मूठ घासत राहिले. मग म्हणाले, "मी बी करेल शे." मीही केलंय. लग्नानंतरची दोन वर्षं, पोरगी लहान होती, दूध विकतचं होतं. छोट्या उतारांवर न्यूट्रल करायचे. घाटात नाही, घाटात कधी नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी ऐकून घेतलं. माझ्या मनात ज्या माणसाचा आवाज घाटभर घुमत होता, त्यानेही कधीतरी गाडी मुकी सोडली होती. मला वाईट वाटलं की बरं वाटलं हे मला अजून सांगता येत नाही. वाचलेल्या डिझेलचं दूध झालं होतं, ते पिऊन वाढलेली ती पुतणी आज दोन मुलांची आई आहे. उठताना ते म्हणाले, "घाटमा गाडीनी बोलाले जोयजे. मुकी व्हयनी का गयी." घाटात गाडीने बोलायला हवं, मुकी झाली की गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली. त्याच आठवड्यात जिभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला झालं होतं, म्हणून भाचा आम्हा सगळ्यांना तिथूनच घेऊन निघाला. जिभाऊ काळा चष्मा लावून मागे बसलेले, ताईच्या शेजारी. मे महिना, दुपारचे चार, बाहेर नुसती भट्टी. तेलवाडीला कुणी काही न सांगता भाच्याने वेग कमी केला. मग दांडा ओढून एल मध्ये टाकला. पण वेग अजून थोडा जास्त होता. इंजिन एकदम किंचाळलं, काटा साडेचार हजारांवर गेला, भाचा दचकला आणि त्याचा हात दांडा परत पुढे ढकलायला निघाला. मागून, डोळे मिटलेल्या अवस्थेतच, आवाज आला, "ऱ्हाऊ दे. आधी ब्रेक, मंग गेर." भाच्याने ब्रेक दाबला, एकदाच, नीट, आणि सोडला. काटा खाली आला. आवाज उतरत उतरत एका सुरावर स्थिर झाला. टाटा १२१० चा तो नव्हे, पातळ, बारीक, पण एकसुरी. घाटभर तो आवाज चालू राहिला. वळणाआधी ब्रेकचा एक स्पर्श, पुन्हा आवाज. वास आला नाही. कुणी बोललं नाही. ताईने मधे खिडकी थोडी खाली केली तेव्हा पळसाची, सागाची वाळकी पानं रस्त्यावरून घसरत जाण्याचाही आवाज आला.

खाली सपाटी लागल्यावर जिभाऊ म्हणाले, गाडी थांबव. उतरले नाहीत, गुडघे देत नाहीत. भाच्याला म्हणाले, "चारी चाकले हात लाईसन देख. लावू नको, जोडे धर." म्हणजे टेकवू नको, नुसता जवळ धर. हे माझं काम होतं, त्या उन्हाळ्यात. घाट उतरलो की सहाही चाकांजवळ हाताची मागची बाजू धरायची आणि जिभाऊंना सांगायचं. मी दार उघडून बाहेर आलो. भाचा वाकला, मागचं उजवं चाक, मागचं डावं, मग पुढचं उजवं. "कोमट," तो म्हणाला, "काही नाही, कोमट." पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"मामा, हे जास्त गरम आहे."

मी पाहिलं. खरंच होतं. उजव्यापेक्षा किती तरी जास्त, ब्रेक एवढा कमी वापरूनही. आतून जिभाऊंनी विचारलं, "कोणतं?" भाच्याने सांगितलं. "मंग ते चाक सुटत नही," ते म्हणाले, "पाय उचला तरी घासी ऱ्हायनं." कॅलिपरची, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याची, पिन अडकली असणार. दिवाळीतला तो वास मला पुन्हा आठवला, आणि तेव्हाही हेच चाक असेल का, असं मनात आलं. मिस्तरीचं दुकान सणामुळे बंद असणार होतं, सकाळी जावं लागणार होतं. भाचा मात्र लगेच उठला नाही. उकिडवा बसून तो एकदा डाव्या चाकाजवळ हात नेत होता, मग गाडीला वळसा घालून उजव्याजवळ, मग पुन्हा डाव्याजवळ.